पॅच निघाला, पण पोहोचला का?

२०२४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही कंपन्यांच्या बॅकअप सर्व्हरवर 'पॉइंट' नावाचं एक नवंच खातं उगवलं. ते कुणा अ‍ॅडमिनने उघडलेलं नव्हतं. वीम कंपनीच्या 'बॅकअप अँड रेप्लिकेशन' या सॉफ्टवेअरच्या एका सेवेने विंडोजची 'नेट' ही साधी कमांड चालवली, आणि त्या कमांडने खातं तयार करून ते प्रशासकांच्या आणि दुरून लॉगिन करणाऱ्यांच्या गटांत टाकलं. पुढे कुठे 'फॉग', तर कुठे 'अकिरा' नावाचं रॅन्समवेअर चालवण्याचा प्रयत्न झाला. सोफोस या सायबर-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी हे सगळे प्रकार एका माळेत ओवून दाखवले. चोर आत आले ते व्हीपीएनमधून, आणि त्या व्हीपीएनला पासवर्डपलीकडे दुसरी पडताळणी नव्हती. पण या प्रकरणात मला सगळ्यात बोलकी वाटते ती तारीख. ज्या भगदाडातून ते खातं उघडलं गेलं (त्रुटींच्या जागतिक यादीतला त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२४-४०७११), त्याची दुरुस्ती वीमने ४ सप्टेंबरला जाहीर केलेली होती. म्हणजे औषध बाजारात होतं, रोग्यापर्यंत पोहोचलं नव्हतं.

नेटवर्क बॅकअपच्या सॉफ्टवेअरचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास चाळला की हेच पुन:पुन्हा दिसतं. अजून कुणालाच माहीत नसलेल्या भगदाडातून झालेले हल्ले आहेत, पण मोजके. बहुतेक घाव बसले ते पॅच निघाल्यानंतर आणि तो चढवण्याआधी. म्हणून या विषयाचा आढावा घेताना कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये किती त्रुटी निघाल्या याची जंत्री फारशी कामाची नाही. पॅच कंपनीच्या दारातून निघून प्रत्यक्ष सर्व्हरवर चढेपर्यंत जो काळ जातो, तो का जातो, हे पाहिलं पाहिजे.

आधी बॅकअप सर्व्हरवरच डोळा का, ते पाहू. बॅकअप घ्यायचा तर प्रत्येक फाइल वाचता आली पाहिजे, आणि रिस्टोअर करायचं तर प्रत्येक फाइल लिहिताही आली पाहिजे. त्यामुळे प्रत्येक मशीनवर बसवलेला बॅकअपचा एजंट लिनक्सवर 'रूट' आणि विंडोजवर 'सिस्टिम' म्हणून चालतो, म्हणजे सर्वाधिकारी असतो. मधल्या सर्व्हरकडे व्हीएमवेअरच्या होस्टचे, डेटाबेसचे, क्लाउडच्या खात्यांचे पासवर्ड साठवलेले असतात. आणि संस्थेचा सगळा डेटा तिथे आधीच गोळा करून, छान लावून ठेवलेला असतो. सोसायटीतल्या सगळ्या फ्लॅटच्या डुप्लिकेट चाव्या एकाच खोलीत टांगाव्यात आणि त्या खोलीचं कुलूप मात्र इमारतीतलं सगळ्यात जुनं असावं, तसा हा प्रकार. खंडणीखोरांना इथे एका दगडात तीन पक्षी मिळतात: चोरायला डेटा, पुढे घुसायला पासवर्ड, आणि पीडिताचा 'आमच्याकडे बॅकअप आहे, पैसे देत नाही' हा एकमेव उलटा डाव आधीच मोडून ठेवण्याची सोय. सोफोसने २०२४मध्ये रॅन्समवेअरचा फटका बसलेल्या संस्थांना विचारलं, तर त्यांतल्या ९४ टक्क्यांनी सांगितलं की हल्लेखोरांनी बॅकअपवर हात टाकायचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नांपैकी ५७ टक्के यशस्वी झाले.

हे काही रॅन्समवेअरच्या काळातच सुचलेलं शहाणपण नाही. २००५ साली सॅन्स संस्थेने इंटरनेटवरच्या वीस सगळ्यात गंभीर धोक्यांची वार्षिक यादी काढली, तेव्हा त्यात 'बॅकअप सॉफ्टवेअर' हा स्वतंत्र विभागच होता. कारणही तसंच होतं. त्या वर्षी कॉम्प्युटर असोसिएट्सच्या ब्राइटस्टॉर आर्कसर्व्हमध्ये आणि व्हेरिटासच्या बॅकअप एक्झेकमध्ये एकामागून एक भोकं निघाली. जूनमध्ये बॅकअप एक्झेकच्या विंडोज एजंटमधली त्रुटी जाहीर झाली. एजंटला लॉगिनच्या वेळी अवाच्या सवा लांब पासवर्ड पाठवला की त्याची मेमरी ओसंडायची आणि मशीन ताब्यात यायचं. काही दिवसांतच तिचा हल्ल्याचा कोड मेटास्प्लॉइट या सर्वांना खुल्या हत्यारपेटीत आला, आणि १०००० क्रमांकाचं पोर्ट धुंडाळणाऱ्यांची झुंबड उडाली. ऑगस्टमध्ये त्याहून लाजिरवाणी गोष्ट उघडकीस आली. त्याच पोर्टवर ऐकणाऱ्या एजंटमध्ये एक ठरावीक पासवर्ड कोडमध्येच गोठवलेला होता, जगभर सगळीकडे तोच. तो माहीत असणाऱ्याला समोरच्या मशीनवरची वाट्टेल ती फाइल 'बॅकअप' म्हणून मागवता यायची. कसलीही तोडफोड नाही. सॉफ्टवेअर आपलं नेमून दिलेलं कामच करत होतं, फक्त दुसऱ्याच्या सांगण्यावरून.

मग सोळा वर्षांनी त्याच बॅकअप एक्झेकची पुढची गोष्ट. एजंटशी बोलताना सर्व्हरने आपली ओळख पटवायची, त्यासाठी अनेक पद्धती त्यात होत्या. त्यांतली 'शा' नावाची एक जुनी पद्धत नव्या आवृत्त्यांमध्ये कुणी वापरत नव्हतं, पण ती बंद करायची राहून गेली होती. दाराला नवं कुलूप बसवलं, मागचं दार मात्र भिंत न घालता तसंच सोडलं. या मागच्या दारातून एजंटवर हवी ती कमांड चालवता येत होती. व्हेरिटासने मार्च २०२१मध्ये दुरुस्ती दिली. सप्टेंबर २०२२मध्ये मेटास्प्लॉइटमध्ये तिचा तयार कोड आला. २२ ऑक्टोबर २०२२ रोजी मँडियंटच्या तपासनिसांना प्रत्यक्ष वापर दिसला. वापरणारे होते 'अल्फव्ही' उर्फ 'ब्लॅककॅट' रॅन्समवेअरचे एक भागीदार. एप्रिल २०२३मध्ये मँडियंटने हे प्रसिद्ध केलं, तेव्हा इंटरनेटवर बॅकअप एक्झेकची साडेआठ हजारांहून जास्त इन्स्टॉलेशन्स उघडी दिसत होती. त्यांतली सगळी कच्ची होती असं नाही. पण बॅकअपचं पोर्ट इंटरनेटला उघडं असण्याचं काय कारण, हा प्रश्न उरतोच.

यातला हिशेब लक्षात घ्या. पॅच आल्यावर तब्बल दीड वर्ष काही झालं नाही. हत्यार फुकट उपलब्ध झालं आणि महिन्याभरात हल्ला झाला. सुस्त अ‍ॅडमिनला त्या दीड वर्षात आपण बरोबरच होतो असं वाटलं असणार.

आता ती सवलतही गेली. ७ मार्च २०२३ला वीमने सीव्हीई-२०२३-२७५३२ची दुरुस्ती दिली. ९४०१ क्रमांकाच्या पोर्टवर कुठलंही लॉगिन न करता बॅकअपच्या कॉन्फिगरेशनमध्ये साठवलेले पासवर्ड मागता येत होते. त्याच महिन्याच्या २३ तारखेला हल्ल्याचं प्रात्यक्षिक दाखवणारा कोड प्रसिद्ध झाला, आणि २८ तारखेला विदसिक्युअर या फिनिश कंपनीला 'फिन-सेव्हन' या टोळीशी जुळणाऱ्या खुणा वीमच्या सर्व्हरवर दिसल्या. तीन आठवडे. पुढे त्याच भगदाडातून 'क्युबा' टोळी गेली, आणि २०२४मध्येही नव्या टोळ्या त्यातून जाताना दिसल्या. यात हल्लेखोरांची कल्पकता फार नाही. पॅच बाहेर पडला की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते पाहायचं. बदललेली ओळच भोक कुठे होतं ते सांगते. वीम स्वतःच आपल्या सूचनापत्रांमध्ये हे बजावते. थोडक्यात, पॅच प्रसिद्ध होणं ही लावणाऱ्यासाठी दुरुस्ती आणि न लावणाऱ्यासाठी जाहिरात.

मग लोक लावत का नाहीत? आळस हे सोपं उत्तर आहे आणि बऱ्याच अंशी खोटं. ज्याने कधी रात्री अकरा वाजता बॅकअप सर्व्हरची आवृत्ती बदलली असेल, त्याला ते पटायचं नाही. बॅक्युलाचं उदाहरण घेऊ. कर्न सिबाल्ड यांनी २००० साली सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. त्याचे तुकडे तीन-चार. कोणता बॅकअप कधी घ्यायचा हे ठरवणारा 'डायरेक्टर', टेप किंवा डिस्कवर लिहिणारा 'स्टोरेज डिमन', प्रत्येक मशीनवर बसून फाइली पाठवणारा 'फाइल डिमन', आणि कोणती फाइल कोणत्या टेपवर कुठे आहे याची नोंद ठेवणारा कॅटलॉग, जो पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलमध्ये असतो. डायरेक्टर आणि स्टोरेज डिमन एकाच आवृत्तीचे लागतात. फाइल डिमन जुना चालतो, पण डायरेक्टरपेक्षा नवा चालत नाही. म्हणजे क्रम ठरलेला: आधी मधला सर्व्हर, मग बाकीचे. मोठ्या बदलात कॅटलॉगच्या तक्त्यांची रचनाही बदलते आणि त्यासाठीची स्क्रिप्ट चालवली की मागे फिरायची वाट बंद. फिरायचंच तर आधी काढून ठेवलेला जुना कॅटलॉग परत चढवायचा. पण मधल्या दोन रात्री नव्या आवृत्तीवर बॅकअप झालेले असतील तर? त्या टेप जुन्या कॅटलॉगला माहीतच नाहीत. मग 'बीस्कॅन' नावाचं साधन घेऊन एकेक टेप पहिल्यापासून वाचत नोंदी परत जुळवत बसायचं. तिकडे रात्रीचे जॉब सुरू व्हायची वेळ झालेली असते, महिनाअखेरीचा मोठा बॅकअप बारा तास चालणार असतो आणि तो मध्येच तोडता येत नाही.

नेटबॅकअपचाही क्रम असाच: प्रायमरी सर्व्हर, मग मीडिया सर्व्हर, मग क्लायंट. नावं वेगळी, धाकधूक तीच. शिवाय एक खास भीती या धंद्यातच आहे. वेबसाइटचं सॉफ्टवेअर बदललं आणि बिघडलं तर लगेच कळतं, लोक फोन करतात. बॅकअपचं बिघडलं तर कळतं ते रिस्टोअर करायच्या दिवशी. म्हणून 'चालू आहे ना, मग हात लावू नका' हे वाक्य सर्व्हर रूममध्ये सुभाषितासारखं म्हटलं जातं, आणि म्हणणारा माणूस मूर्ख नसतो.

एजंटांचा पसारा हे दुसरं कारण. मधला सर्व्हर एक असतो, एजंट तीनशे. त्यांतले दोनशे नव्वद सहज बदलता येतात. उरलेले दहा विंडोज सर्व्हर २००८वर, एखाद्या एआयएक्सच्या डब्यावर, किंवा कारखान्यातल्या मशीनला जोडलेल्या संगणकावर असतात, जिथे नवी आवृत्ती चालतच नाही. या दहांशी बोलता यावं म्हणून सर्व्हरला जुनी भाषा चालू ठेवावी लागते. सॉफ्टवेअर कंपन्याही त्याच कोंडीत असतात. बॅकअप एक्झेकमधली ती 'शा' पद्धत वर्षानुवर्षं का राहिली, याचं मला तरी हेच सगळ्यात संभाव्य कारण दिसतं: काढलं तर कुणाचा तरी जुना एजंट बोलायचा थांबेल.

तिसरं कारण कागदोपत्री आहे आणि आपल्याकडे फार दिसतं. पन्नास-शंभर लोकांच्या कंपनीत बॅकअप बसवून देतो तो बाहेरचा व्हेंडर. तो एएमसीवर महिन्यातून एकदा येतो, रिपोर्टवर हिरव्या टिकल्या पाहतो आणि सही घेऊन जातो. पॅच लावणं त्या करारात आहे का? बहुधा करारात 'सपोर्ट' असा एक शब्द असतो आणि त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी सोयीने लावलेला असतो. मूळ कंपनीच्या सपोर्टचं नूतनीकरण झालं नाही की नव्या आवृत्त्याही हाती येत नाहीत. आणि खर्च कापायच्या यादीत हे नूतनीकरण वरच्या क्रमांकावर असतं, कारण न केल्याने उद्या काहीच अडत नाही. क्रॅक केलेली प्रत वापरणाऱ्यांचा तर प्रश्नच मिटला.

यात आणखी एक गोंधळ आवृत्तीच्या आकड्यांचा. डेबियन किंवा रेड हॅटसारख्या वितरणांमध्ये दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत मागून शिवली जाते, मूळ आकडा बदलत नाही. सुरक्षा तपासणीचं स्वयंचलित साधन आकडा पाहून 'धोका' म्हणून ओरडतं, अ‍ॅडमिन चारदा समजावतो, पाचव्यांदा तो त्या अहवालाकडे पाहायचंच सोडतो. उलटही होतं. २०२५मध्ये कॉमव्हॉल्टच्या 'कमांड सेंटर'मध्ये दहापैकी दहा गुणांची त्रुटी निघाली, बाहेरच्याने पाठवलेली झिप फाइल लॉगिनशिवाय उघडून त्यातला कोड चालवणारी. कंपनीने ती एप्रिलमध्येच दुरुस्त केली. पण मे महिन्यात लक्षात आलं की काही ठिकाणी आवृत्तीचा आकडा 'सुरक्षित' गटातला असूनही त्यावरची जादा दुरुस्ती चढलेली नव्हती. आकडा बरोबर, भगदाड उघडं.

कंपन्यांच्या बाजूनेही वेळ जातो, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. आर-वन-सॉफ्ट या बॅकअप सॉफ्टवेअरचं प्रकरण पाहा. होस्टिंग कंपन्या आणि दुसऱ्यांची आयटी सांभाळणारे व्यावसायिक ते वापरत. त्याचा वेब पडदा 'झेडके' नावाच्या जावा लायब्ररीवर बांधलेला होता. त्या लायब्ररीतली त्रुटी मे २०२२मध्ये दुरुस्त झाली. लायब्ररी दुरुस्त झाली म्हणजे तिच्यावर उभी असलेली सॉफ्टवेअरं दुरुस्त झाली असं नाही. ऑक्टोबरमध्ये हंट्रेसच्या संशोधकांनी दाखवून दिलं की या भोकातून बॅकअप सर्व्हर घेता येतो, आणि तिथून त्याला जोडलेल्या सगळ्या मशीनवर एका झटक्यात रॅन्समवेअर ढकलता येतं. आर-वन-सॉफ्टची मालक कंपनी कनेक्टवाइजने महिनाअखेरीस पॅच दिला. नोव्हेंबरच्या शेवटी हल्ले सुरू झाले, आणि जानेवारी २०२३मध्ये फॉक्स-आयटीला २८६ सर्व्हरवर चोरवाट बसवलेली सापडली. लायब्ररीपासून उत्पादनापर्यंत पाच महिने, उत्पादनापासून ग्राहकापर्यंत आणखी काही. ग्राहकाला तर आपल्या बॅकअपमध्ये 'झेडके' नावाचं काही आहे हेच माहीत असायचं कारण नव्हतं.

त्याहून वाईट म्हणजे गुपचूप दिलेला पॅच. नाकिवो कंपनीच्या बॅकअपमध्ये लॉगिनशिवाय सर्व्हरवरची कुठलीही फाइल वाचता येईल अशी त्रुटी वॉचटावर या संशोधन कंपनीने २०२४मध्ये कळवली. नोव्हेंबरच्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली, पण गाजावाजा न करता. फेब्रुवारी २०२५मध्ये संशोधकांनीच जाहीर केलं, आणि मार्चमध्ये अमेरिकेच्या सीसा या सरकारी संस्थेने ती 'प्रत्यक्ष वापरात असलेल्या' त्रुटींच्या यादीत टाकली. गुपचूप दुरुस्ती करणाऱ्यांचा युक्तिवाद असा की बोभाटा केला नाही तर चोरांना कळत नाही. चोर फाइली शेजारी ठेवून पाहतात हे वर आलंच. न कळण्याची शिक्षा फक्त ग्राहकाला होते, कारण 'किरकोळ सुधारणा' असं लिहिलेल्या आवृत्तीसाठी रात्र जागायची तयारी कुणाची नसते. या एका मुद्द्यावर मला कंपन्यांची बाजू घेता येत नाही.

आणि मग अर्धी दुरुस्ती. इथे पुण्याचा संबंध येतो. बॅकअपच्या धंद्यात पुण्याचं नाव जुनं आहे. व्हेरिटासचं मोठं विकासकेंद्र इथे होतं, आणि तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी २००८मध्ये इथेच द्रुव्हा काढली. द्रुव्हाच्या 'इनसिंक' या विंडोज क्लायंटमधली एक सेवा सर्वाधिकारी म्हणून चालायची आणि त्याच मशीनवरच्या कुठल्याही साध्या वापरकर्त्याकडून कमांड स्वीकारायची. ही त्रुटी उघड झाल्यावर दुरुस्ती अशी केली की कमांडचा मार्ग द्रुव्हाच्या स्वतःच्या फोल्डरपासून सुरू होतो ना, हे तपासायचं. सुरुवात तपासली, शेवट नाही. मार्ग त्या फोल्डरपासून सुरू करायचा आणि पुढे 'एक पायरी वर, आणखी एक पायरी वर' अशी ठिपक्यांची खूण लावत विंडोजच्या कमांडपर्यंत पोहोचायचं. २०२०मध्ये हे दाखवलं गेलं आणि दुसरी दुरुस्ती करावी लागली. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात जन्मलेल्या 'अमांडा' या जुन्या बॅकअपचंही तेच झालं. 'रनटार' नावाच्या तिच्या छोट्या प्रोग्रॅममधली त्रुटी दुरुस्त केली, तर आज्ञेतले शब्द तपासण्यात पुन्हा फट राहिली आणि २०२३मध्ये नवा क्रमांक मिळाला.

वीमचा किस्सा याच जातीचा, पण मुळातून समजून घेण्यासारखा. एका तुकड्याने दुसऱ्याकडे डेटाचं गाठोडं पाठवायचं आणि त्याने ते सोडायचं, अशी डॉटनेटमधली एक जुनी पद्धत. गाठोड्यात काय बांधलंय यावर पाठवणाऱ्याचं नियंत्रण असतं, आणि काही विशिष्ट वस्तू बांधल्या तर सोडतानाच कोड चालतो. यावर दोन उपाय: कोणत्या वस्तू चालतील त्यांची यादी करायची, किंवा कोणत्या चालणार नाहीत त्यांची. वीममध्ये दुसऱ्या प्रकारच्या, नकाराच्या यादीवर भिस्त होती. मार्च २०२५मध्ये वॉचटावरने यादीत नसलेल्या वस्तू वीमच्याच कोडमधून शोधून दाखवल्या. यादी वाढवली गेली. जूनमध्ये पुन्हा तसंच निघालं, पुन्हा पॅच. मायक्रोसॉफ्टने तर गाठोड्याचं हे जुनं यंत्र डॉटनेटच्या नवव्या आवृत्तीतून काढूनच टाकलं आहे. नकाराची यादी कधीच पूर्ण होत नाही, हे सुरक्षेतल्या माणसांना पाठ असतं. पण पंधरा वर्षांचा कोड उलगडून होकाराची यादी करायची म्हणजे पुन्हा कुणाचा तरी जुना तुकडा चालायचा थांबणार. फिरून फिरून तिथेच.

अधूनमधून पॅचमुळे खरंच काही मोडतंही. असंख्य घरगुती बॅकअप स्क्रिप्टांचा कणा असलेल्या आर-सिंकमध्ये सहा त्रुटी सापडल्या. त्यांतल्या पाच गूगलच्या संशोधकांनी शोधल्या होत्या. १४ जानेवारी २०२५ला ३.४.० ही आवृत्ती आली. तिच्यात हार्ड लिंक जपण्याचा पर्याय बिघडला, आणि एक-दोन दिवसांतच ३.४.१ काढावी लागली. हार्ड लिंकवरच ज्यांचे रोजचे बॅकअप बेतलेले, त्यांनी पहिल्याच दिवशी उत्साह दाखवला असेल तर त्यांना चटका बसला असणार. वाट पाहणाऱ्याला असे प्रसंग पुढची पाच वर्षं पुरतात.

घरच्या आणि छोट्या ऑफिसातल्या डब्यांबद्दल थोडक्यात. एप्रिल २०२१मध्ये क्यूनॅपच्या नॅसवरल्या 'हायब्रिड बॅकअप सिंक' या बॅकअपच्याच अ‍ॅपमध्ये गोठवलेला पासवर्ड निघाला, आणि 'क्यूलॉकर'ने हजारो लोकांच्या फाइली साध्या सेव्हन-झिपने कुलूपबंद करून ०.०१ बिटकॉइन मागितलं. त्याच वर्षी जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलचे 'माय बुक लाइव्ह' डबे जगभर एका रात्रीत कोरे झाले. कारखान्यातून निघाल्यासारखं करण्याच्या आज्ञेआधी पासवर्ड विचारणाऱ्या ओळी कोडमध्ये होत्या. कुणीतरी त्या टिप्पणी म्हणून बाजूला टाकल्या होत्या. कंपनीच्या सांगण्यानुसार २०११च्या एका फेररचनेत हे झालं, आणि डब्याला शेवटचं अपडेट मिळालं होतं २०१५मध्ये. इथे मधला काळ मोजायचाच कसा? पॅच निघणारच नव्हता. जी वस्तू दहा वर्षं टिकते तिला मध्येच वाऱ्यावर सोडणं हा वेगळा आणि मोठा विषय आहे.

एवढं पाहिल्यावर 'लवकर पॅच लावा' हा सल्ला खरा असला तरी अपुरा वाटतो. पॅच काही दिवस तरी उशिरा लागणारच, हे गृहीत धरून ते दिवस निभावतील अशी मांडणी हवी. वीमच्या वर आलेल्या, २०२५च्या मार्च आणि जूनमधल्या दोन्ही त्रुटींत एक अट होती: बॅकअप सर्व्हर कंपनीच्या विंडोज डोमेनमध्ये असेल तरच त्या लागू. डोमेनमध्ये असेल तर मात्र अगदी साधा, स्वागतकक्षातला वापरकर्ताही सर्व्हर घेऊ शकत होता. आणि बॅकअप सर्व्हर डोमेनबाहेर ठेवा, हे वीमच्याच मार्गदर्शक पुस्तिकेत आधीपासून लिहिलेलं आहे. सोय म्हणून तो आत घेतला जातो, एकच पासवर्ड लक्षात ठेवायला लागतो म्हणून. ज्यांनी ती सोय नाकारली होती त्यांना मार्चमध्येही आणि जूनमध्येही शांतपणे, पुढच्या शनिवारी पॅच लावता आला.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा ३-२-१चा नियम इथे सगळे म्हणतात: तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक दुसऱ्या जागी. नियम चांगला आहे, पण तो डिस्क मरण्याच्या आणि घर जळण्याच्या काळजीतून आलेला आहे. तिन्ही प्रती एकाच सॉफ्टवेअरच्या एकाच खात्याने पुसता येत असतील तर शत्रूच्या लेखी ती एकच प्रत. डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिक या होस्टिंग कंपनीचे ऑगस्ट २०२३मध्ये प्राथमिक आणि दुय्यम दोन्ही बॅकअप एकाच हल्ल्यात गेले. डेटा सेंटर बदलताना आधीच बाधित असलेले सर्व्हर आतल्या नेटवर्कला जोडले गेले आणि तिथून मध्यवर्ती प्रशासन व बॅकअप हाती लागले. उलट बाजूला नोव्हेंबर २०२२चं दिल्लीचं एम्स. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, दोन आठवडे कागद-पेनावर कारभार चालला. पण सरकारने संसदेत सांगितलं की ई-हॉस्पिटलचा सगळा डेटा एका न बाधलेल्या बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाला. तो एक सर्व्हर का वाचला याचा सविस्तर अभ्यास सर्वांसमोर मांडला गेला, तर सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या शंभर सूचनापत्रांपेक्षा तो उपयोगी पडेल. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार हल्ला झाल्याचं सहा तासांत कळवावं लागतं आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. अत्यंत गंभीर त्रुटीचा पॅच किती दिवसांत लागला पाहिजे, याबद्दल तसा एखादा सरळ आकडा तुमच्या एएमसीच्या करारात आहे का, तेवढं एकदा काढून पाहावं.

शेवटी स्वयंचलित अपडेटचा वाद. वीमने २०२५मध्ये तेराव्या आवृत्तीबरोबर लिनक्सवर बांधलेलं, सुरक्षेची अपडेट आपोआप घेणारं तयार अप्लायन्स आणलं. विंडोज सर्व्हर सांभाळा, त्यावर सॉफ्टवेअर सांभाळा हा दुहेरी व्याप त्यात ग्राहकाकडून काढून घेतलेला आहे. जुन्या अ‍ॅडमिनांना ते रुचत नाही, आणि १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या एका आपोआप आलेल्या फाइलने ८५ लाख विंडोज मशीन निळी पडल्याचं ते सांगतात. माझं मत असं आहे की बॅकअपच्या मधल्या सर्व्हरला हा दाखला लागू होत नाही. तो एका रात्री बंद पडला तर एका रात्रीचा बॅकअप चुकतो, कामकाज चालूच राहतं. तोच सर्व्हर परक्याच्या ताब्यात गेला तर सगळंच जातं. ही दोन नुकसानं एका तराजूत घालता येत नाहीत, म्हणून त्याला अपडेट आपोआप घेऊ द्यावीत, त्याच दिवशी. डेटाबेसच्या मशीनवर बसलेल्या एजंटांचं तसं नाही. तिथे बिघाड झाला तर थेट दुकान बंद पडतं. त्यांना चार-सहा मशीनवर आठवडाभर पाहून मग पुढे न्यावं, तोवर एजंटचं पोर्ट फक्त बॅकअप सर्व्हरच्या पत्त्यालाच उघडं ठेवावं. आणि दोन्ही ठिकाणी अपडेटनंतरच्या सकाळी अपडेटपूर्वीच्या बॅकअपमधून एक खरीखुरी, मोठी फाइल परत काढून, उघडून पाहावी. हिरवी टिकली पाहून सही करणाऱ्या व्हेंडरकडूनही हेच करून घ्यावं, आणि फाइलचं नाव त्याच्या रिपोर्टवर लिहून घ्यावं.